डिकीतली प्रयोगशाळा

वेस्ट व्हर्जिनिया हे अमेरिकेतलं कोळशाच्या खाणींचं राज्य. तिथल्या मॉर्गनटाउन गावात विद्यापीठाचे विखुरलेले परिसर जोडणारे, विजेवर चालणारे, चालक नसलेले छोटे डबे 1975 पासून धावताहेत. खरं तर एवढ्यावरच हे विद्यापीठ वाहतूक संशोधनात गाजायला हवं होतं. त्याचं नाव जगभर झालं ते मात्र डिझेलच्या धुरामुळे.

युरोपातल्या डिझेल मोटारी रस्त्यावर मर्यादेपेक्षा जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडतात, हे तोवर दिसून आलं होतं. अमेरिकेचे नियम जास्त कडक, तेव्हा तिथल्या मोटारी स्वच्छच असणार. ते मोजून युरोपला दाखवावं, असं ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन’ या संस्थेच्या मनात होतं. कुणाला पकडायचा बेत नव्हता. काम मिळालं विद्यापीठातल्या डॅन कार्डर यांच्या गटाला. पैसे लाखभर डॉलरसुद्धा नव्हते. मोजमाप करणाऱ्यांत मार्क बेश हा स्वित्झर्लंडचा, तर अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोघे आपल्याकडचे.

या गटाकडे काम गेलं ते उगाच नव्हे. चाचणीत गुणी आणि महामार्गावर वेगळंच वागणारी ट्रकची इंजिनं विकल्याबद्दल 1998 साली अमेरिकेत बड्या इंजिन उत्पादकांना सरकारशी समझोता करावा लागला होता. त्यानंतर चालत्या ट्रकचा धूर मोजणारी फिरती यंत्रणा याच विद्यापीठात तयार झाली. पहिल्या लबाडीतूनच दुसरी उघडी पाडण्याचं साधन जन्माला आलं, असं म्हणायला हरकत नाही.

2013 साली कॅलिफोर्नियात तीन मोटारी घेतल्या: फोक्सवॅगन जेट्टा, फोक्सवॅगन पसाट आणि बीएमडब्ल्यू एक्स 5. धुराच्या नळकांड्याला पाइप जोडून तो डिकीतल्या उपकरणांपर्यंत आणला. उपकरणांना वीज हवी, म्हणून जनरेटरही गाडीबरोबरच. तो धक्के खाऊन सारखा बंद पडायचा. अशा जुगाडानिशी पसाट लॉस एंजेलिसहून सिअ‍ॅटलला जाऊन परत आली.

बीएमडब्ल्यू बहुतांश वेळ मर्यादेत राहिली. जेट्टाचा नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या 15 ते 35 पट निघाला, पसाटचा 5 ते 20 पट. आधी शंका आली ती स्वतःच्याच उपकरणांची. पण कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाच्या प्रयोगशाळेत, रोलरवर उभ्या करून चालवलेल्या याच गाड्या बिनबोभाट पास झाल्या होत्या.

साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर शाळा जशी शहाण्यासारखी वागते, तसं फोक्सवॅगनच्या गाड्यांमधलं सॉफ्टवेअर वागत होतं. स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन चालू असण्याचा कालावधी, हवेचा दाब यांवरून ते चाचणी ओळखायचं. हा खटाटोप कशासाठी? जेट्टामधला सापळा नायट्रोजन ऑक्साइड धरून ठेवतो, पण तो रिकामा करायला अधूनमधून जादा इंधन जाळावं लागतं. पसाटमध्ये युरियाचं द्रावण फवारतात. ते पुरेसं फवारलं तर टाकी लवकर रिकामी होते. म्हणजे धूर स्वच्छ ठेवायचा तर इंधन तरी जास्त जातं, नाहीतर ग्राहकाची कटकट तरी वाढते. ‘क्लीन डिझेल’च्या जाहिरातीत या दोन्हींना जागा नव्हती.

मे 2014 मध्ये अहवाल आला. त्यात आकडे होते, फसवणुकीचा आरोप नव्हता. ही कथा सांगताना लोक इथेच टाळ्या वाजवून थांबतात, ते मला पटत नाही. पुढचे सोळा महिने हवा मंडळाचे अभियंते फोक्सवॅगन कंपनीच्या मागे लागले नसते, तर अहवाल कपाटात पडून राहिला असता. कंपनीने गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदललं. मंडळाने पुन्हा मोजलं, धूर फारसा सुधारला नव्हता. अखेर 2016 च्या डिझेल मॉडेलांना प्रमाणपत्र देणंच अडलं, तेव्हा सप्टेंबर 2015 मध्ये कबुली आली. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होतं. विद्यापीठाने मोजलं खरं, पण हत्यार होतं ते प्रमाणपत्र रोखण्याचा अधिकार.

धागा पुण्यापर्यंतही आला. एआरएआय या पुण्यातल्या वाहन संशोधन संस्थेने फोक्सवॅगनच्या गाड्या तपासल्या, आणि डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने भारतात 3,23,700 गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली 500 कोटींचा दंड ठोठावला. सक्तीच्या कारवाईला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. आपण भारतीय नियम मोडलेच नाहीत, हा कंपनीचा दावा. तो करता आला, कारण त्या वेळच्या आपल्या नियमांत रस्त्यावरची चाचणीच नव्हती. नव्या मोटारींना तिची मर्यादा लागू झाली ती एप्रिल 2023 पासून.

आणि आपल्या दारातल्या जुन्या गाडीचं काय? पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात, पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. ज्या वायूसाठी जगातली एवढी मोठी कंपनी पकडली गेली, त्या नायट्रोजन ऑक्साइडची मोजणी या तपासणीत होत नाही.