भूकंपोत्तर प्रवाळभित्ती : हानीचे मापन व पुनःस्थापना

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस झालेल्या भूकंपाने अंदमान-निकोबारच्या सर्व प्रवाळभित्तींची हानी सारख्याच प्रकारे केली, असे मानता येत नाही. उत्तर अंदमानची भूमी उचलली गेली आणि उथळ भित्ती पाण्याबाहेर पडून उन्हात मृत झाल्या. निकोबारची भूमी मात्र खचली. तेथे व अन्यत्र लाटांनी वसाहती उलथविल्या व त्यांवर गाळ पसरला. म्हणून उपायापूर्वी हानीचे कारण ठरविणे अवश्य होय.

मापनासाठी ठराविक खोलीवर मोजफीत अंथरून तिच्याखालील जिवंत प्रवाळ, मृत प्रवाळ, भग्न खंड व वाळू यांचे प्रमाण नोंदवितात. पूर्वीची नोंद नसल्यास जुनी हानीही लाटेच्या माथी मारली जाते. आचे प्रांतात २००५ मध्ये झालेल्या पाहणीत त्सुनामीची प्रत्यक्ष हानी अपेक्षेहून मर्यादित आढळली. भित्तींच्या दुरवस्थेस सुरुंगी मासेमारीसारखी जुनी कारणेच अधिक जबाबदार होती.

उलथलेली जिवंत वसाहत लवकर सरळ करून दृढ तळावर बसविल्यास जगू शकते. सुट्या खंडांच्या राशीवर मात्र रोपण व्यर्थ जाते. खंड हलताच नवे डिंभ चिरडले जातात. उचलल्या गेलेल्या भित्तीस तर उपायच नाही. तिच्या खालच्या उतारावर नवी वाढ होईल, तिचेच रक्षण करावयाचे. जेथे जुने मानवी आघात चालूच आहेत, तेथे ते थांबविणे हीच पुनःस्थापनेची पहिली पायरी होय.