ऑपरेशनच्या अलीकडे

कोल्हापूर संस्थानाने 1886 मध्ये अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआर रुग्णालयाच्या, स्त्री-विभागावर डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी 1887 मध्ये, पुण्यात त्यांचं निधन झालं. बाईमाणसाचं दुखणं दवाखान्याच्या पायरीपर्यंत यावं, ही त्या नेमणुकीमागची निकड अजून संपलेली नाही. भारतात 2022 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण आणि जवळपास 80 हजार मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज आहे. हा आजार कर्करोग होण्याआधी कित्येक वर्षं पूर्वावस्थेत असतो आणि तेव्हा सापडला तर रोखता येतो. म्हणून स्त्री-कर्करोगतज्ज्ञाची कारकीर्द केवळ अवघड शस्त्रक्रियांवर जोखणं अपुरं आहे, असं माझं मत आहे. त्याच्या भागातल्या किती जणींवर ती वेळच आली नाही, हेही विचारायला हवं.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने, टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि डॉ. आर. शंकरनारायणन यांच्या चमूने 1999 पासून उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास केला. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच, पण तपासणी न झालेल्या गटात 64. दुसऱ्या एका अभ्यासात मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून तपासणीला लावलं. गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि दिव्याच्या उजेडात पांढरा डाग उठतो का ते बघायचं. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. हीच अ‍ॅसिडची तपासणी उस्मानाबादेत एकदाच केली, तेव्हा मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. म्हणजे एका शिबिराचा फोटो काढून भागत नाही. तुलनेसाठी हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवलं, यावर नैतिक टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. पण त्यांच्या वाट्याला आलेल्या त्या वंचनेतून जे कळलं, ते न वापरणं हा दुसरा अन्याय ठरेल. एचपीव्ही चाचणी महाग आहे, हेही खरं. मात्र पुढे गेलेल्या कर्करोगाची किरणं, केमो आणि घरातली बुडालेली मजुरी त्याहून कितीतरी महाग पडते.

तपासणी नसली की भीतीचं फावतं. बीडकडच्या ऊसतोड बायकांना अंगावरून जातंय म्हणून, कॅन्सर होईल असं सांगून, गर्भपिशवी काढायला लावल्याच्या तक्रारी 2019 मध्ये गाजल्या आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. दिवाळीनंतर अशाच ऊसतोड टोळ्या कोल्हापूरच्या साखर कारखान्यांवर उतरतात. इथल्या तज्ज्ञाने हंगाम सुरू होतानाच तळावर जावं. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो. अहवाल आणि गरज पडल्यास पूर्वावस्थेवरचा उपचार मात्र टोळी गावी परतण्याआधी झाला पाहिजे, आणि ही तारीख साखर कारखाना, आरोग्य खातं व सीपीआर यांनी मिळून आधीच ठरवायला हवी.