विकी दुवा व षष्ठी प्रत्यय

विकी या संगणकीय लेखनप्रणालीत एखाद्या शब्दावरून त्या शब्दाच्या नोंदीकडे नेणाऱ्या जोडणीस दुवा म्हणतात. अशा शब्दास चा, ची, चे यांसारखा षष्ठीचा प्रत्यय लागला असता तो दुव्यात धरावा की बाहेर ठेवावा आणि प्रत्ययामुळे मूळ शब्दाचे रूपच पालटले असेल, तर मूळ नोंद कशी गाठावी, हा या प्रणालीतील एक लहान दिसणारा, परंतु मराठीसारख्या विभक्तिप्रधान भाषेत पावलोपावली आडवा येणारा प्रश्न होय.

छापील कोशांत हा प्रश्न उद्‌भवत नाही. तेथे शब्दामागे बाणाची खूण केली वा कंसात ‘पहा’ असे लिहिले, म्हणजे काम भागते. ‘करमाळ्याचे’ या शब्दामागे खूण दिसली, तर वाचक प्रत्यय व सामान्यरूप मनातल्या मनात सोडवून ‘करमाळा’ ही नोंद उघडतो. यंत्राला ही सोडवणूक येत नाही. दुव्यातील अक्षरे व नोंदीचे शीर्षक ही अक्षरशः जुळली तरच त्याला नोंद सापडते. न जुळल्यास तशी नोंद अस्तित्वात नाही असे समजून ते दुवा तांबड्या रंगात दाखविते.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या विकिविकिवेब या पहिल्या विकीत कंस नव्हते. दोन वा अधिक शब्द न तोडता लिहून प्रत्येकाचे आद्याक्षर मोठ्या लिपीत काढले की त्याचा दुवा होई. इंग्रजीतील अनेकवचनाचा वा षष्ठीचा ‘एस’ अशा शब्दाला चिकटला की तो शीर्षकाचाच भाग ठरे. म्हणून मध्ये सहा एकेरी अवतरणचिन्हे ओळीने टाकून तो तोडण्याची विचित्र युक्ती तेथे रूढ झाली होती. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे असा भेदच नसल्याने ही पद्धती मराठीला सर्वथा निरुपयोगी होती. विकिपीडियाचा आरंभ १५ जानेवारी २००१ रोजी झाला व पुढे लवकरच दुहेरी चौकोनी कंसांत शब्द ठेवण्याची रीत आली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू होऊ शकला, त्याला ही कंसांची रीत उपकारक ठरली असे म्हणावयास हरकत नाही.

विकिपीडियासाठी विकसित झालेल्या मीडियाविकी या प्रणालीत बंद कंसाला लागून, मध्ये जागा न सोडता जी अक्षरे येतील, ती दुव्याच्या दृश्य भागात सामावून घेण्याचा नियम आहे. त्यास लिंकट्रेल म्हणतात. मराठीत त्याला दुव्याचे शेपूट म्हणता येईल. कोणती अक्षरे शेपटात घ्यावयाची, हे प्रत्येक भाषेसाठी वेगळे ठरविलेले असते. इंग्रजीत केवळ लहान लिपीतील रोमन अक्षरे घेतात. त्यामुळे अनेकवचनाचा ‘एस’ दुव्यात येतो, पण षष्ठीचा ‘एस’ अपॉस्ट्रॉफी या चिन्हामागे असल्याने बाहेर राहतो. हे चिन्ह न घेण्यामागे व्यावहारिक कारण आहे : मीडियाविकीत तीच दोन चिन्हे मिळून तिरपा ठसा व तीन मिळून ठळक ठसा दर्शवितात. तिरप्या ठशात छापलेल्या ग्रंथनामाला षष्ठी लावताच तीन चिन्हे एकत्र येतात आणि यंत्राचा गोंधळ होतो. तो टाळण्यासाठी इंग्रजी विकिपीडियात एक स्वतंत्र साचाच करावा लागला आहे. कातालान भाषेच्या नियमात मात्र, लगत दुसरे तसेच चिन्ह नसेल तर, अपॉस्ट्रॉफी शेपटात घेतली जाते. जर्मन भाषेत नगरनामाची षष्ठी चिन्हाविना जोडत असल्याने तिला ही अडचण नाही. अरबीत उपपद शब्दाच्या आधी जोडून येते, म्हणून प्रणालीत शेपटाप्रमाणे पूर्वभाग सामावून घेण्याचीही सोय आहे.

मराठीसाठी ठरविलेल्या नियमात देवनागरीची अक्षरे, स्वरचिन्हे, अनुस्वार व हलन्ताची खूण यांचा समावेश असून दंड व अंक वगळलेले आहेत. त्यामुळे [[जेऊर]]चे असे लिहिले की वाचकास ‘जेऊरचे’ हा अखंड शब्द दुव्याच्या रंगात दिसतो व त्यावरून ‘जेऊर’ या नोंदीकडे जाता येते. मराठीत षष्ठीचे रूप धन्याच्या नव्हे, तर धनाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते (षष्ठीला विभक्ती म्हणावे की विशेषण, हा व्याकरणकारांचा जुना वाद यातूनच निघाला). पण चा, ची, चे, च्या यांपैकी काहीही आले तरी शेपटाला त्याचे सोयरसुतक नसते. ला, हून, जवळ, पासून हेही तसेच चिकटतात.

खरी अडचण सामान्यरूपाची आहे. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर या गावाविषयी पुढील वाक्य लिहावयाचे आहे असे समजू : ‘जेऊरच्या रेल्वे स्थानकावर करमाळ्याचे प्रवासी गाडी धरतात आणि उजनीच्या जलाशयात भीमेचे पाणी साठते.’ यात जेऊर व उजनी ही नावे प्रत्ययापूर्वी अविकृत राहतात; त्यांना कंस घालून प्रत्यय बाहेर जोडला की पुरे. करमाळा व भीमा यांचे तसे नाही. ‘करमाळा’चे ‘करमाळ्या’ व ‘भीमा’चे ‘भीमे’ होते आणि कंसातील अंत्य स्वर पुसून टाकण्याचे सामर्थ्य शेपटाला नाही. ते केवळ भर घालू शकते. [[करमाळा]]चे असे लिहिल्यास दुवा बरोबर लागतो, पण मराठी बिघडते. [[करमाळ्याचे]] असे लिहिल्यास मराठी शुद्ध राहते, पण दुवा तांबडा होतो. नवख्या लेखकाला करमाळ्यावर नोंदच नाही असे वाटते व क्वचित तो त्या तांबड्या दुव्यावरून ‘करमाळ्याचे’ याच शीर्षकाची नवी नोंद करून बसतो. एका गावाच्या दोन नोंदी होऊन माहिती विभागली जाते ती अशी.

याला प्रशस्त उपाय म्हणजे कंसात उभी रेघ घालून डावीकडे शीर्षक व उजवीकडे दृश्य शब्द देणे : [[करमाळा|करमाळ्याचे]], [[भीमा नदी|भीमेचे]]. यात टंकलेखन दुप्पट होते, हे खरे. पण शब्द व शीर्षक दोन्ही शुद्ध राहतात. फिनिश भाषेतही हेल्सिंकीची षष्ठी ‘हेल्सिंगिन’ अशी होत असल्याने तेथील लेखकांना हाच मार्ग धरावा लागतो.

अकारान्त शब्दांची तऱ्हा वेगळी व काहीशी मौजेची आहे. ‘गाव’, ‘धरण’ यांच्या सामान्यरूपात अंत्य ‘अ’चा ‘आ’ होतो, म्हणजे लिपीत केवळ एक काना वाढतो. स्वरचिन्हांचा शेपटात समावेश असल्यामुळे कंसाबाहेर नुसता काना व ‘चा’ लिहिला तरी पृष्ठावर ‘धरणाचा’ असा शब्द उमटतो. संपादनाच्या चौकटीत मात्र व्यंजनाविना लटकलेला तो काना ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसतो. शिवाय मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार सामान्यरूपात उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो. सप्तमीत ‘सोलापुरात’, ‘जेउरात’ असे लिहावे लागते. कंसामागे काना जोडणाऱ्याच्या हातून ‘सोलापूरात’ हे अशुद्ध रूप हमखास उमटते. म्हणून ही युक्ती न वापरलेली बरी.

एकाच नावाची अनेक गावे असली की कंसात कंस येतो. जेऊर हे गाव करमाळा तालुक्यात आहे, तसेच त्याच जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातही आहे. त्यामुळे शीर्षक ‘जेऊर (करमाळा)’ असे द्यावे लागते. येथे यंत्राची एक सोय उपयोगी पडते. शीर्षकानंतर उभी रेघ देऊन उजवी बाजू रिकामी ठेवली, तर जतन करताना यंत्र कंसातील भाग गाळून ‘जेऊर’ हा दृश्य शब्द आपणच भरते आणि बाहेर लिहिलेला ‘चे’ त्याला नेहमीप्रमाणे चिकटतो.

शेपूट प्रत्यय व उत्तरपद यांत फरक करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. ‘भारत’ एवढ्यालाच कंस घालून पुढे ‘रत्न’ जोडले, तर वाचकाला ‘भारतरत्न’ असा अखंड दुवा दिसतो, पण तो देशाच्या नोंदीवर जाऊन पोहोचतो. उलट, दृश्य संपादकात दुव्यानंतर टंकलेला ‘चे’ कधीकधी दुव्याबाहेरचा समजला जातो व यंत्र मध्ये शेपूट तोडणारी खूण घालते. मग ‘जेऊर’ एका रंगात व ‘चे’ दुसऱ्या रंगात असा दुभंगलेला शब्द पृष्ठावर राहतो.

‘करमाळ्या’ या सामान्यरूपाचेच एक पृष्ठ करून ते ‘करमाळा’कडे पुनर्निर्देशित करावे, म्हणजे चा, ला, त, हून हे सर्व प्रत्यय शेपटाने जोडता येतील, असाही उपाय सुचतो. तो चालतो, परंतु सामान्यरूप हा भाषेत एकटा न वावरणारा शब्द असल्याने शोधपेटीत अशा अर्धवट शब्दांची गर्दी होते. केवळ टंकलेखकाच्या सोयीसाठी ती स्वीकारणे योग्य वाटत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग साच्यांचा. एकाच आराखड्यात गावाचे वा तालुक्याचे नाव भरून शेकडो नोंदी रचल्या जातात, तेव्हा नाव आधी ठाऊक नसते. आराखड्यात नावापुढे ‘चे’ छापून ठेवल्यास जेऊरचे ठीक निघते, पण ‘पुणेचे’ व ‘करमाळाचे’ अशी कानाला खटकणारी रूपेही निघतात. मीडियाविकीत विभक्तिरूपे घडविणारे व्याकरणाचे एक कार्य आहे व फिनिश, रशियन यांसारख्या भाषांसाठी त्याचे नियम लिहिले गेले आहेत. मराठी सामान्यरूपांचे नियम त्या रीतीने लिहिणे अशक्य नाही, तथापि ‘पुणे’चे ‘पुण्या’ होते आणि ‘सोलापूर’ षष्ठीत अविकृत राहून सप्तमीत ‘सोलापुरा’ होते, हे भेद यंत्राला शिकवावे लागतील. तोवर कचेरीच्या मराठीने पूर्वीपासून काढलेली वाट उपयोगी पडते : विशेषनाम अविकृत ठेवून विकार पुढील सामान्यनामावर वा अव्ययावर टाकावयाचा. ‘करमाळा तालुक्यातील’, ‘पुणे जिल्ह्यातील’, ‘करमाळा येथील’ असे लिहिले की दुवाही लागतो व व्याकरणही सांभाळले जाते. मात्र सबंध नोंद याच पद्धतीने लिहिली, तर तिला सरकारी परिपत्रकाची कळा येते.