पठारावरची शिरगणती

वायतुरा पाण्यात उगवतो. पावसाळ्यात कासच्या पठारावर जांभ्या खडकाच्या खळग्यांत उथळ डबकी साचतात. त्यांच्या तळच्या चिखलातून त्याची लांबट पाने निघतात. मग एक दांडी पाण्यावर येते आणि तिच्या टोकाला बेचकीसारखे दोन गुलाबी-जांभळे तुरे फुटतात. नर फुलांचे झाड वेगळे, मादी फुलांचे वेगळे. डबके आटले की पाने कुजून जातात, चिखलाला भेगा पडतात आणि खाली कंद तेवढा उरतो. हिवाळ्यात वा उन्हाळ्यात तिथे येणाऱ्याला आपण वायतुऱ्यावर पाय दिला हे कळतसुद्धा नाही.

सुंदरराघवन, कुलकर्णी आणि एस. आर. यादव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव दिले: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. साताऱ्याचे नाव त्यात कायमचे गोवले गेले. त्याआधीही वायतुरा दर पावसाळ्यात फुलत होताच, पण कुठल्याही यादीत तो नव्हता. यादीत नसलेल्या झाडाचे रक्षण कोणी मागू शकत नाही, आणि ते संपले तरी कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून हे नोंदीचे काम मला फार मोलाचे वाटते. त्यात दिमाख नाही, त्याला वेळ भयंकर लागतो, आणि संवर्धनाच्या सगळ्या गप्पा शेवटी त्याच्यावरच टेकलेल्या असतात.

नोंद म्हणजे काय, तर एक जाड कागद. फुला-फळांसकट तोडलेली फांदी जुन्या वर्तमानपत्रांच्या घडीत दाबायची, ओल धरू नये म्हणून कागद पुन्हा पुन्हा बदलायचे, किडीपासून बचावासाठी औषध लावायचे आणि मग ती जाड कागदावर चिकटवायची किंवा टाचायची. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, गाव, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ मध्ये सुरू झाले, तिथे अशा कागदांनी कपाटेच्या कपाटे भरलेली आहेत. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने हे काम पुढे नेले. या सगळ्यांच्या हाताशी थिओडोर कुक यांचा, १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ असतो. शंभर वर्षांपूर्वी एखादे झाड कुठे होते आणि आज कुठे आहे, ही तुलना अशा कागदांवाचून होत नाही.

ओळखीचे काम डोळ्यांची परीक्षा घेते. गेंदाचेच घ्या. सप्टेंबरात पठारभर पसरलेले त्याचे पांढरे बोंडूक पर्यटकाला सगळीकडे सारखेच दिसते. पण एकेका बोंडकात कितीतरी बारीक फुले दाटीने बसलेली असतात. सूक्ष्मदर्शकाखाली फूल सोडवून त्याचे भाग पाहावे लागतात, कधी बीच्या सालीवरची नक्षीही तपासावी लागते, तेव्हा कुठे हा गेंद कोणत्या जातीचा ते ठरते. शेजारशेजारच्या दोन डबक्यांत दोन निराळ्या जाती असू शकतात. त्यात वेळेची अडचण. बहुतेक फुलांचा बहर दोन-तीन आठवड्यांचा असतो, आणि टोपली कारवी तर सात वर्षांनी फुलते. एका हंगामात उरकलेले सर्वेक्षण म्हणूनच अपुरे राहते.

नोंद झाली की प्रतवारीचा प्रश्न येतो: कोणाला आधी वाचवायचे? नायर आणि शास्त्री यांनी संपादित केलेले भारतीय वनस्पतींचे ‘रेड डेटा बुक’ १९८७ ते १९९० या काळात तीन खंडांत आले. त्यात ‘दुर्मीळ’ अशी एक स्वतंत्र वर्गवारी होती. पुढे १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने लाल यादीसाठी आकड्यांचे निकष ठरवले आणि ‘दुर्मीळ’ हा वर्ग वगळला. हा बदल मला योग्य वाटतो. एखादे झाड हजारो वर्षे एकाच पठारावर सुखाने नांदत असेल, तर ते दुर्मीळ आहे, पण लगेच धोक्यात आहे असे नाही. धोका ठरतो मुख्यतः घसरणीवरून. प्रजननक्षम झाडे पन्नासपेक्षा कमी उरली तर तेवढ्यावर अतिसंकटग्रस्त हा दर्जा मिळतो. वावराच्या जागेवरून हाच दर्जा द्यायचा, तर ती दहा चौरस किलोमीटरपेक्षा कमी भरली पाहिजे आणि शिवाय घट, तुकडे पडणे, टोकाचे चढउतार यांपैकी किमान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. ही जागा मोजतात दोन किलोमीटर बाजूच्या चौकटींनी. सगळे कास पठार अशा मोजक्या चौकटींत मावते.

शिंदळ माकुडीची कथा याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. उभ्या कातळकड्याच्या फटींतून हिच्या मांसल फांद्या खाली लोंबतात. हिच्या जवळच्या भाईबंदांना पाने जवळजवळ नसतातच, हिला मात्र चांगली हिरवीगार पाने येतात आणि कोरड्या दिवसांत गळून पडतात. फूल चांदणीच्या आकाराचे, गर्द तांबडे, त्यावर पिवळे ठिपके. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६०च्या दशकात तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले ते मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. हेच फ्रियर आधी साताऱ्याला रेसिडेंट होते. सज्जनगड, शिवनेरी, वज्रगड अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणांमुळे १९८०च्या दशकात जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींत तिची गणना झाली. पुढे अभ्यासकांनी कडे धुंडाळले तेव्हा आणखी ठिकाणे हाती लागली. शिरवळजवळ शिंदेवाडीच्या नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रानेही तिच्या जतनाचे काम केले. प्रतवारी बदलते ती अशी, कोणीतरी पुन्हा कड्यावर जाऊन पाहिले म्हणून. मात्र नेमकी फट कोणती, हे छापू नये. कंदीलपुष्पाचे कंद आणि आमरीची झाडे उपटून नेणारे अशाच माहितीवर टपलेले असतात.

पण मला खरी काळजी आहे ती एकट्या फुलाची नाही. गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू, वायतुरा ही सगळी त्या पातळ मातीवर, साचलेल्या पाण्यावर आणि उघड्या खडकावर मिळून जगतात. कासला साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणे जागतिक वारसा ठरली, त्यांत कोयना, चांदोली, राधानगरीबरोबर कासही आहे. गर्दी आवरायला तिथे लोखंडी जाळीचे कुंपण घातले. मग गुरे थांबली, गवत आणि झुडपे माजली, आणि फुले कमी झाल्याची तक्रार सुरू झाली. अखेर कुंपण काढावे लागले. फुलांची यादी हाती होती. ही फुले गुरांच्या चरण्याशी कशी बांधलेली आहेत, याची नोंद मात्र कोणत्याही कागदाच्या कोपऱ्यात नव्हती.

अधिवासाची प्रतवारी करता येते. कॅलिफोर्नियात हौशी आणि तज्ज्ञ मंडळी १९६८ पासून दुर्मीळ झाडांची यादी करत आली, आणि आज तिथे वनस्पतींच्या समुदायांनाही दर्जा दिला जातो. निसर्ग संवर्धन संघानेही २०१४ मध्ये परिसंस्थांच्या लाल यादीचे निकष स्वीकारले. आपल्याकडे मात्र चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी रस्ते झाले, आणि ज्या खडकावर ते गेले त्याला महसुली दप्तरात किंमत नव्हती.

सांगलीच्या पूर्वेला तर हा प्रश्न आणखी तीव्र आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळची माळराने ही कमी पावसाची गवताळ भूमी. पवना, मारवेल, कुसळ या गवतांवर माडग्याळी मेंढी आणि खिल्लार बैल पोसले गेले. सरकारी नजरेला ती पडीक दिसते, आणि पडीक म्हटले की कोणी तरी खड्डे खणून झाडे लावायला येतोच. याच जिल्ह्यात सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी जंगल उभे केले, आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले. त्या कामाविषयी मनात आदरच आहे. पण प्रत्येक माळ सागरेश्वर होण्यासाठी नसतो. गवताच्या राज्यात सुबाभूळ, गिरिपुष्प लावले की सावलीखाली मारवेल टिकत नाही, आणि या नुकसानीची मोजदाद कोणीच करत नाही.

जैवविविधता कायदा २००२चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ही कल्पना माधव गाडगीळ यांनी रुजवली. पुढे वह्या पूर्ण करण्याची मुदत आली आणि कितीतरी ठिकाणी त्या घाईघाईने भरल्या गेल्या. जतच्या पूर्वभागातल्या वह्यांत आधी गवतांची पाने नीट भरायला हवीत: कोणते गवत, कोणत्या माळावर, मेंढ्या ते केव्हा खातात, कोणत्या वर्षापासून दिसेनासे झाले. ही माहिती धनगरांपाशी आहे. पण ती घ्यायची तर सप्टेंबर-ऑक्टोबरात माळावर जावे लागेल, कारण तुरा आल्यावाचून गवत ओळखता येत नाही.