पेटी एकाची, तार दुसऱ्याची

टिव्हो या अमेरिकन कंपनीची स्थापना जिम बार्टन व माइक रॅमसे यांनी १९९७ साली केली. दोन वर्षांनी तिने विक्रीस आणलेले यंत्र दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम फितीऐवजी संगणकात असते तशा चुंबकीय तबकडीवर साठवीत असे. या तबकडीवर मुद्रण आणि वाचन जवळजवळ एकाच वेळी करता येते. त्यामुळे चालू कार्यक्रम मध्येच थांबवावा, दारी आलेल्या माणसाशी बोलून यावे आणि राहिला होता तेथून पुढे पाहावा, ही सोय प्रेक्षकाला लाभली. जाहिरातीही झरझर पुढे सरकवता येत. प्रक्षेपण कंपन्यांना अर्थातच हे रुचले नाही.

असे असूनही कंपनीचा धंदा डळमळीतच का राहिला? याचे उत्तर यंत्रात नव्हे, तर ज्या तारेला ते जोडावे लागे तिच्या मालकीत सापडते. टिव्होच्या ग्राहकाला यंत्र विकत घेऊन वर वर्गणीही भरावी लागे. केबल कंपन्यांची पेटी मात्र घरोघरी आधीच पोहोचलेली होती. तीतच तबकडी बसवून त्यांनी ती भाड्याने दिली आणि भाडे नेहमीच्या बिलात मिळवले. ही पेटी टिव्होइतकी सफाईदार नसे; पण आयत्या आलेल्या वस्तूची प्रत कोण पारखतो? डायरेक्टीव्ही या उपग्रहसेवेमार्फत टिव्होला मोठा ग्राहकवर्ग मिळाला होता. २००५ च्या सुमारास तीही दुसऱ्या पुरवठादाराकडे वळली. गंमत अशी की, कार्यक्रम मुद्रित करण्याला अमेरिकेत 'टिव्हो करणे' हे क्रियापदच रूढ झाले होते, आणि प्रतिस्पर्ध्याची पेटी वापरणारेही ते बिनदिक्कत वापरीत.

कंपनीच्या हाती भक्कम असे एकच साधन उरले, ते पेटंटचे. २००१ मध्ये मिळालेल्या पेटंटच्या आधारे तिने २००४ साली एकोस्टार कंपनीवर दावा लावला. २०११ मध्ये तो ५० कोटी डॉलरांवर मिटला. पाठोपाठ इतरांनीही तडजोडी केल्या. ज्यांनी बाजारपेठ हिरावली त्यांच्याकडूनच अशी भरपाई झाली खरी. परंतु पेटंटला मुदत असते. शिवाय हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा इंटरनेटवरून मिळू लागल्यावर तो साठवून ठेवण्याची निकडच ओसरली. २०१६ मध्ये रोव्ही कंपनीने टिव्हो विकत घेतली व तिचेच नाव धारण केले. २०२० मध्ये ही नवी कंपनी एक्सपेरीत विलीन झाली, आणि २०२५ मध्ये मुद्रणयंत्रांची विक्री थांबविण्यात आली.