महिन्याच्या गोळ्या

भोरच्या आठवडे बाजाराच्या दिवशी कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहावं. चिठ्ठी घेऊन येणारी माणसं थोडी. बहुतेकांच्या सदऱ्याच्या खिशातून किंवा कापडी पिशवीच्या तळातून निघतं ते संपलेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. ते काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, "हीच द्या." किती देऊ, असं विचारलं की उत्तर गोळ्यांत येत नाही, रुपयांत येतं. "दोनशेत बसवा." मग कात्री निघते. बीपीच्या दहा, साखरेच्या दहा, कोलेस्टेरॉलच्या गोळीला या खेपेला सुट्टी. कुठली गोळी थांबवायची हे डॉक्टरांनी ठरवलेलं नसतं. खिशाने ठरवलेलं असतं.

घरी गेल्यावर त्या दहा गोळ्या वीस दिवस पुरवल्या जातात. एक दिवसाआड एक. बीपी वाढलेलं असताना दुखत-खुपत काहीच नाही, त्यामुळे न घेतलेल्या गोळीची उणीव लगेच जाणवत नाही. ती जाणवते तेव्हा लकवा मारलेला असतो किंवा मूत्रपिंड थकलेलं असतं. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हात देते. तो प्रसंग टाळणारी रोजची गोळी मात्र तिच्यात बसत नाही, ती पदरच्या पैशानेच घ्यावी लागते. मला यात मोठा अन्याय दिसतो.

खर्चाचा हिशोब करताना आपण पाकिटावरची किंमत बघतो. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत तेवढं बघून भागत नाही. वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, त्यातलं मढे घाटाच्या तोंडाशी असलेलं केळद घ्या, किंवा वरंध घाटाच्या वाटेवरचं हिर्डोशी. तिथून गोळ्या आणायच्या म्हणजे अख्खा दिवस मोडतो. एसटीत पंचाहत्तरी उलटलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. या सवलतींनी औषधाचा खर्च खरोखर हलका केला. पण म्हाताऱ्या आईबरोबर येणाऱ्या मुलाला पूर्ण तिकीट पडतं आणि त्याची मजुरी बुडते ती वेगळीच. काही घरांत गोळ्यांपेक्षा त्या आणण्याचा खर्च जास्त होतो. म्हणून दहा-दहा गोळ्या तीनदा नेणं हा सगळ्यात महागडा व्यवहार आहे, आणि हातात पैसा कमी असलेल्यांनाच तो करावा लागतो.

आता त्या रिकाम्या पाकिटाकडे वळू. कंपनीने दिलेलं नाव आणि औषधाचं मूळ नाव अशी दोन नावं त्यावर असतात. टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अटोर्वास्टॅटिन ही मूळ नावं. ही सगळी औषधं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यांची कमाल किंमत सरकार ठरवतं. त्या मर्यादेखाली कंपनीगणिक भाव बदलतात. शिवाय एक पाकीट दहाचं, दुसरं पंधराचं, त्यामुळे पाकिटाचा भाव विचारून काही कळत नाही. एका गोळीचा भाव काढावा लागतो. दोन औषधं एकत्र केलेली जोडगोळी सोयीची असते, पण तीच दोन सुटी घेतली तर कधी कधी बरीच स्वस्त पडतात. डॉक्टरांना हे विचारण्यात काही कमीपणा नाही.

पेटंट संपण्याकडेही लक्ष हवं. एम्पाग्लिफ्लोझिन ही साखरेवरची गोळी एकेक साठ रुपयांच्या आसपास पडायची. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं, अनेक भारतीय कंपन्या उतरल्या आणि दर दहा रुपयांच्या आसपास आला. जुनीच चिठ्ठी फिरवणारा रुग्ण मात्र जुन्याच कंपनीची गोळी मागत राहतो. दुकानदार आपणहून ती बदलून देऊ शकत नाही, कारण चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं देण्याची त्याला कायद्याने मुभा नाही. स्वस्ताईचा रस्ता डॉक्टरांच्या पेनातून जातो. चिठ्ठीवर मूळ नाव आलं की जनऔषधी केंद्राचं दारही उघडतं. तिथल्या गोळ्या नावाजलेल्या कंपन्यांच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात. "स्वस्त म्हणजे हलकी असणार" ही शंका मी अनेकांच्या तोंडून ऐकते. तिला माझं एकच उत्तर असतं: गोळी बदलल्यावर पंधरा दिवसांनी बीपी मोजा, साखर तपासा आणि आकडा बघून ठरवा.

एक काळजीची गोष्ट. पैसे वाचवायला मोठ्या ताकदीची गोळी आणून अर्धी अर्धी घेणारे पुष्कळ आहेत. नावापुढे एसआर किंवा ईआर असेल तर ती गोळी पोटात सावकाश विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती मोडू नका.

हे सगळं विकतच्या गोळ्यांचं झालं. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधापर्यंत सगळं मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय, भोरचं उपजिल्हा रुग्णालय या सगळ्यांना ते लागू आहे. बीपी-साखरेच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळायला हव्यात आणि मिळतातही. पण साठा तुटतो. एका सरकारी दवाखान्यात माझ्यासमोर एका आजींना पाच दिवसांच्या गोळ्या देऊन "पुढच्या आठवड्यात या" सांगितलं गेलं. पाच दिवसांच्या मोफत गोळ्यांसाठी दिवसभराची खेप त्या पुन्हा कशी करणार?

यावर उपाय आहे आणि तो नीरा नदीपलीकडेच, सातारा जिल्ह्यात, करून पाहिलेला आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले जे पहिले जिल्हे घेतले, त्यांत सातारा होता. उपचाराचा एकच ठरलेला क्रम, मोजक्या औषधांचा भरपूर साठा, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या आणि त्या शक्य तितक्या घराजवळच्या केंद्रावर, अशी त्याची मांडणी. औषधं मोजकी ठेवली की साठ्याचा अंदाज बांधणं सोपं जातं.

भोर-वेल्ह्याला याची गरज अधिक आहे, कारण इथे पावसाळा आडवा येतो. वरंध घाट दरवर्षी बंद होतो, दरडी कोसळतात, एसटी वाटेतूनच परत फिरते. या भागात तांदूळ, सरपण, मीठ-मिरची यांची पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच होते. गोळ्यांची बेगमीही तेव्हाच व्हायला हवी. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला डॉक्टर दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून देऊ शकतात. पाकिटातून गोळ्या आधीच काढून डबीत ओतू नयेत, दमट हवेत त्या खराब होतात. कात्रीने पाकीट कापून घेताना मुदतीची तारीख असलेला तुकडा मागून घ्यावा.

येत्या ग्रामसभेत रस्ता आणि पाण्याबरोबर हा विषय मांडा. आपल्या उपकेंद्रावर बीपी-साखरेच्या तीस दिवसांच्या गोळ्या मिळतात का, मिळत नसतील तर कधीपासून मिळतील, हे सिस्टरना आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा.