दात आले, आता पाजायचं कसं?

रायपूरचं शंकर नगर असो की नागपूर, बाळाचे खालचे दोन दात लुकलुकले की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘आता अंगावरचं सोडव.’ घाई नको. जागतिक आरोग्य संघटना २ वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते. बाळ मनापासून ओढत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या दातांवर पसरलेली असते, त्यामुळे चावता येत नाही. चावा बसतो तो बहुधा पोट भरल्यावर, चाळा म्हणून. गिळणं थांबून जबडा आवळू लागला, की ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सारून पकड सोडवा. हिसका दिलात तर जखम तुम्हालाच. किंचाळूही नका, काही बाळं दचकून दूधच नाकारतात (सांगणं सोपं आहे, मान्य). पाजण्याआधी हिरड्यांवरून ओला गार फडका फिरवा. वर्षाच्या आत मध नको, हिरड्यांवर चोळायलाही. हिरड्या बधिर करणाऱ्या बेंझोकेनच्या जेलबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये इशारा दिला आहे. चघळायला खारीक देण्याची आपली रीत जुनी, पण तिचा तुकडा घशात अडकू शकतो. आणि रायपूरच्या मे महिन्यात जुलाब लागले, तर ‘दातांचे आहेत’ म्हणून सोडून देऊ नका. पाजणं चालू ठेवा, ओआरएस द्या, डॉक्टर गाठा.